बाजसायकल आणि साहेबांचा थंड झालेला चहा

साहेब, सेवालालची नोकरी तुम्ही खाल्ली, आणि का खाल्ली ते हुकमात लिहिलं नाही. हा आरोप आहे, आणि तो मी तोंडावर करतोय. तुमचं नाव आणि खातं इथं घालत नाही, पण ते भीतीपोटी नाही. ज्यानं कारण लिहायची तसदी घेतली नाही, त्याचं नाव लिहायची तसदी मी का घेऊ?

आरोप करणारा हा कोण, असं तुम्ही शिपायाला विचारालच. मी लखीराम जाधव, मेडशीचा गुप्तहेर. मेडशीत दुसरा गुप्तहेर नाही, त्यामुळे पहिला नंबर माझा, याबद्दल वाद नाही. नजर घारीची, कान सशाचे, आणि नाक आमच्या आईच्या मते नुसतंच मोठं. शाळा लवकर सुटली. पुढची सगळी विद्या मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मिळवली. त्यामुळे जगातल्या पुष्कळ गोष्टींचा मधला भाग मला पक्का ठाऊक आहे. सुरुवात आणि शेवट इतर गिऱ्हाइकांच्या घरी गेले. गोमतीबाईची हरवलेली म्हैस मीच शोधली. मी शोधायला निघालो तेव्हा ती गोठ्यात येऊन रवंथ करत होती हे खरं, पण मी निघालोच नसतो तर ती आली असती का? यावर गोमतीबाई अजून गप्प आहे.

आता सेवालाल. तो आमच्या भागातला देवी डॉक्टर, म्हणजे तांड्या-तांड्यांत फिरून पोरांना देवी टोचणारा. हातात पेटी, पेटीत लस आणि सुया. तो दिसला की पोरं तुरीच्या शेतात पळायची आणि आया त्यांना कान धरून परत आणायच्या. गेल्या वर्षी बैल बुजले, गाडी कलंडली आणि सेवालालची पाठ गेली. अकोल्याच्या दवाखान्यात सांगितलं की सायकलच्या सीटवर बसायचं नाही आणि लांब चालायचंही नाही. ज्याची नोकरीच फिरण्याची, त्यानं मग काय तरंगत जायचं?

त्याच सुमारास अकोल्याकडे नव्या रेल्वेलाइनीच्या कामावर आलेला एक गोरा इंजिनियर आपल्या देशी परत चालला होता. त्यानं आपली सायकल विकायला काढली. ही सायकल आपल्यासारखी नव्हती. लांबलचक, जमिनीलगत, मागे खुर्चीसारखी पाठ. माणसानं तीत रेलून पडायचं, पाय समोर उचलून धरायचे आणि पुढच्या बाजूला असलेली पायडलं मारायची. पाठीला त्रास म्हणून नाही. मेडशीत भाड्यानं सायकली देणारा इस्माईल तिच्याभोवती फिरून म्हणाला, "बाजीले चाकं लावले अन् माणसाले येड्यात काढलं." तेव्हापासून तिचं नाव बाजसायकल, म्हणजे चाकांवरची खाट.

किंमत म्हणाल तर एक चांगली बैलजोडी. आणि सेवालालनं खरोखरच बैलजोडी विकली, तीही बायकोच्या माहेरून आलेली.

ही सायकल तेवढ्या किमतीची आहे का, यावर गावात दोन तट पडले. एक म्हणे, बैल शेण देतात, ही काय देते? दुसरा म्हणे, बैल कडबा खातात, ही काय खाते? चंदाबाई, म्हणजे सेवालालची बायको, काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा सेवालाल अंगणात झोपतो.

पण सायकल चालली, साहेब. पाठ दुखायची थांबली. सेवालाल तांड्याच्या वेशीवर उतरायचा, सायकल झाडाला टेकवायचा आणि पेटी घेऊन आत जायचा. मग त्यानं तुमच्याकडे अर्ज केला की या सायकलवर मी काम करू शकतो, मला कामावर राहू द्या. तुम्ही म्हणालात, येऊन पाहतो.

तुम्ही आलात. चावडीसमोर खुर्ची टाकली, कपबशीत चहा आला. सेवालाल उतारावरून वाऱ्यासारखा आला आणि तुमच्या खुर्चीसमोर दोन हातांच्या अंतरावर करकचून ब्रेक मारून थांबला. मी लिंबाच्या झाडावर होतो. गुप्तहेरानं उंचावरून पाहावं असं एका पुडीवर वाचलं होतं. वरून मला सगळं दिसलं. फक्त तुमचं तोंड तेवढं पानांआड गेलं.

तुम्ही उठलात. चहाला हात लावला नाही. जीपमध्ये बसून निघून गेलात. मग हुकूम आला की वाहन अयोग्य, सेवालालच्या जागी दुसरा माणूस नेमावा. अयोग्य कशानं, ते लिहिलं नव्हतं. बस.

चंदाबाई माझ्याकडे आली. म्हणाली, बैलं गेली, नोकरी गेली. साहेब का उठून गेले ते आपल्या मालेगावच्या बाजाराच्या दिवसापर्यंत शोधा. नाही सापडलं तर ती सायकल मी भंगारात घालते, आणि त्या पाठीनं हा माणूस लोकांच्या वावरात निंदायला जाईल. हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मला घाम फुटला.

मी प्रकरण हाती घेतलं. सहायक म्हणून इस्माईलला नेमलं आणि मुख्य संशयित म्हणूनही त्यालाच. बाजसायकल गावात रुळली तर त्याच्या भाड्याच्या सायकली कोण घेणार? एकाच माणसात दोन्ही कामं उरकल्यामुळे पायपीट वाचली. मी चष्म्याच्या फुटक्या भिंगातून चावडीसमोरची माती तपासली. एक काळा डाग सापडला. बोटावर घेतला, चाखला.

"तेल," मी म्हणालो.

"तेलच हाये," इस्माईल म्हणाला. "मीच घातलं. तुनंच तं सांगतलं होतं का सायेब येऊन राह्यले, ब्रेकाले तेल घाल. ब्रेकाले तेल घालत नसतेत, जासूससाहेब. म्या मंग चेनीले घातलं."

पहिला सिद्धान्त असा गेला. दुसरा चहाचा. साहेबांनी चहा टाकला, म्हणजे चहात काहीतरी होतं. खरं कळावं म्हणून मी त्याच हॉटेलातला, त्याच किटलीतला चहा प्यालो आणि दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. विष सिद्ध झालं असं वाटलं. पण इस्माईल म्हणाला की तिथला चहा सगळ्यांनाच असा लागतो, आणि साहेब तर तो प्यालेच नव्हते. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता असं नाही, फक्त दोन दिवस उशिरा आला.

तिसरा सिद्धान्त मोठा. बैलजोडीच्या किमतीची सायकल पाहून साहेबांना वाटलं असावं की हा माणूस लाच खातो. नाही तर देवी टोचणाऱ्याकडे एवढा पैसा कुठून? म्हणजे सायकल जास्त महाग होती हाच तिचा दोष. याची परीक्षा घ्यायची तर त्या सायकलवरून श्रीमंत माणूस जाताना लोक काय करतात ते पाहायला हवं. मी गोऱ्या इंजिनियरचा वेश घेतला. डोक्यावर इस्माईलच्या चुलत्याची हॅट, तोंडाला ज्वारीचं पीठ.

सायकलवर पडलो. पडलो म्हणजे आधी खरोखरच पडलो, मग उठून रेललो. तिथून आभाळ दिसतं, स्वतःचे पाय दिसतात, रस्ता अधूनमधून दिसतो. पण खोटं कशाला सांगू, पाठीला आराम असा की वाटलं हिच्यावरच जेवावं, हिच्यावरच झोपावं.

पहिल्याच वळणावर कोणीतरी म्हणालं, "काहून बे लखीराम, तोंडाले काय फासलं?" वेश तिथंच संपला, पण परीक्षा चालू ठेवली. ओट्यावर धरमसिंग नाईक बसले होते, गावातले वडीलधारे. मला समोरून येताना पाहून ते काठी उगारून उभे राहिले आणि काहीतरी ओरडले. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. विहिरीवर सुंदरबाईनं कपाळावर हात मारून पाठ फिरवली. आमच्या घरासमोरून गेलो तर आईनं चप्पल फेकून मारली. घामानं तोंडावरचं पीठ थापायच्या लायकीचं झालं होतं, तरी डोकं चालत होतं. नाईक, सुंदरबाई आणि माझी सख्खी आई! कट साहेबांपुरता नव्हता. सगळी मेडशी त्यात सामील होती.

मी तसाच चंदाबाईच्या दारात गेलो. ती सुपात ज्वारी पाखडत होती, सेवालाल भिंतीला टेकून बसला होता. इस्माईल माझ्या मागून धावत आला, कारण हॅट चुलत्याची होती. मी तिघांना कटाची रूपरेषा सांगितली. सुरुवात, मध्य आणि शेवट, सगळं स्वतःचं.

चंदाबाईनं सूप खाली ठेवलं.

"लखीरामभाऊ, तुमी आत्ता माह्या दारात कसे आले?"

"सायकलवर."

"तुमचे पाय कोणाकडं होते?"

मी खाली पाहिलं. मी अजून सायकलवरच होतो. माझे दोन्ही तळवे, चिखलाच्या चपलांसकट, तिच्या तोंडासमोर होते.

"वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसलं तं आपली माय हाणते," ती म्हणाली. "तुमी तं पाय घेऊन त्यायच्या अंगावर गेले. अन् ह्यायनं सायबाच्या तोंडापुढं नेऊन धरले. बुटाले भोक होतं तेही दिसलं त्याले."

सेवालालनं आपल्या पायांकडे असं पाहिलं की जणू ते आजच फुटले. त्या बिचाऱ्याला कसं कळणार? सगळ्या गावात तो एकटाच ती सायकल मागच्या बाजूनं पाहत होता. आणि मी झाडावरून, वरच्या बाजूनं.

"गावाले माहीत होतं?" मी विचारलं.

"लेकरालेही माहीत होतं."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कोणाले? तुमी तं माती चाटून राह्यले होते."

मी भिंग काढलं, पुसलं, परत खिशात ठेवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग सेवालाल हळूच म्हणाला की मी तर दुरूनच उतरणार होतो, तांड्यावर उतरतो तसा. पण लखीरामभाऊ म्हणाले, थेट खुर्चीपुढं ब्रेक मार, म्हणजे सायबाले गाडीचा दम दिसन.

हे मी म्हणालो होतो, साहेब. तपास पूर्ण झाला आणि गुन्हेगार मीच निघालो. एवढा पक्का शोध मी आजवर लावला नव्हता, आणि हाही चंदाबाईनंच लावला.

सेवालाल म्हणाला, मी जाऊन साहेबांचे पाय धरतो. तेव्हा चंदाबाई पहिल्यांदा चिडली.

"कायले? माणसाले पाय हायेत, ते कुठंतरी राहतीनच ना. बैलगाडीत बसून गेले असते तं सायबाले बैलाचे शिंगं दिसले असते, त्याचा राग आला असता का त्याले? पोराईले देवी टोचते हा माणूस. त्याच्या सुईकडं पाह्यचं का बुटाकडं?"

मग ती सायकलजवळ गेली. बैल विकल्यापासून तिनं त्या सायकलला हात लावलेला मी पाहिला नव्हता. तिनं पाठीचा भाग दाबून पाहिला, हलवून पाहिला, आणि इस्माईलला विचारलं की ही उभी असताना दिवसभर हिच्यात बसता येईल का. इस्माईल म्हणाला, दोन बाजूंनी टेकू देऊन ठिय्या लावून दिला तर महिनाभर. साध्या सायकलच्या सीटवर एक घंटा बसून दाखवा म्हणावं कोणी.

"मंग भंगारात नाही घालत," चंदाबाई म्हणाली.

साहेब, माझा गुन्हा मी कबूल केला आहे. मला हवी ती शिक्षा द्या. फक्त त्या हॉटेलचा चहा पाजू नका. पण सल्ला माझा आणि नोकरी सेवालालची, हा कुठला न्याय? तुम्हाला राग आला, ठीक, माझ्या आईलाही आला. तिनं चप्पल मारली आणि संध्याकाळी जेवायला वाढलं. तुम्ही हुकूम मारलात. तिकडे तांड्यांवर नवी पोरं जन्मली आहेत, त्यांना अजून कोणी टोचलेलं नाही. तुम्ही नेमलेला दुसरा माणूस अजून आलेला नाही. देवीचा रोग कोणाचे पाय कुठं आहेत ते पाहून थांबत नाही.

म्हणून एवढंच मागतो. हुकमावर कारण लिहा. 'पाय दिसले' असं लिहा आणि खाली सही करा, किंवा लिहायची लाज वाटत असेल तर हुकूम फाडा. इस्माईलनं ठिय्या लावून दिला आहे. सोमवारपासून सेवालाल तुमच्या कचेरीच्या दारासमोर बाजसायकलवर रेलून बसणार आहे, त्याची पाठ अजिबात दुखणार नाही, आणि त्याचे पाय कुठल्या दिशेला असतील ते तुम्हाला खिडकीतून दिसेलच. उत्तर कधी देता?