बन्सी मास्तरांच्या घराची जप्ती

घर ऐतिहासिक व्हायला दोन गोष्टी लागतात. एक इतिहास आणि दुसरी सर्वसाधारण सभेचा ठराव. पहिली नसली तर एकवेळ निभावून नेता येतं, पण ठराव नसेल तर भलेभले राजवाडेसुद्धा नुसतेच जुने राहतात. बाभूळटेक नगरपंचायतीच्या हद्दीतलं बन्सी मास्तरांचं घर या बाबतीत नशीबवान. त्याला दोन्ही मिळालं, ठरावानं अकरा वर्षांपूर्वी त्याचं वस्तुसंग्रहालयही झालं. राहिलं फक्त छप्पर. (होतं, नाही असं नाही. पण आत उभं राहून वर पाहिलं की आभाळ किती भरलंय ते समजायचं.)

बाभूळटेक हे गाव छत्रपती संभाजीनगरहून सोयगावकडं जाताना लागतं. तिथं भीमनगरात दोन खोल्यांचं, दगडामातीचं, पत्र्याचं ते घर आहे. धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, कापसाच्या जिनिंगच्या गोदामावर हमाली करणाऱ्या बन्सी मास्तरांनी तिथं संध्याकाळचा वर्ग काढला. फी नव्हती. अट एकच होती, नाव पटावर चढलं की रोज यायचं. न येणाऱ्याच्या नावापुढं मास्तर लाल शाईनं 'गै' लिहीत आणि दुसऱ्या दिवशी हमालीला जाता जाता त्याच्या दारात उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारत, "काल कुठं होता रं?" एकशे ब्याण्णव नावं आहेत त्या हजेरीपटावर. अठ्ठेचाळिसावं नाव 'लक्ष्मी कचरू'. पटावरची पहिली मुलगी. ती आता शहात्तर वर्षांची लक्ष्मीबाई आहे आणि तिची लेक रत्नमाला ही या घराची काळजीवाहक.

काळजीवाहक या पदाची व्याख्या नगरपंचायतीनं स्पष्ट करून ठेवलीय. काळजी रत्नमालानं करायची, बाकी सगळं नगरपंचायत बघेल. (मानधन आहे. मागच्या दिवाळीचं परवाच आलं.)

आणि रत्नमालाला काळजी होती ती त्या हजेरीपटाची. तो वस्तुसंग्रहालयातला प्रदर्शित वस्तू क्रमांक एक. त्याच्यासाठी भिंतीत पक्की बसवलेली काचेची पेटी केली होती, तिला पितळी कुलूप, आणि कुलपाची किल्ली सुरक्षिततेच्या कारणास्तव मुख्याधिकाऱ्यांच्या ताब्यात. अकरा वर्षांत सात मुख्याधिकारी बदलून गेले. किल्ली कितव्याबरोबर गेली यावर कार्यालयात दोन मतं आहेत. पेटीच्या बरोबर वर पत्र्याला भोक. म्हणजे पाऊस आला की रत्नमालानं काचेबाहेर उभं राहून आपल्या आईचं नाव भिजताना बघायचं, अशी व्यवस्था होती. जीव नुसता तुटायचा तिचा.

तिनं अर्ज केले. नगरपंचायतीनं एकाही अर्जाकडं दुर्लक्ष केलं नाही, हे इथं मुद्दाम नोंदवलं पाहिजे. प्रत्येक अर्जावर पाहणी झाली. पाहणीचा महिना ठरलेला होता, मे. कारण गळतीचं काम पावसाळापूर्व कामांत मोडतं, आणि पावसाळापूर्व काम पावसाळ्यात करणं नियमाला धरून नाही. सलग तीन वर्षांचे अहवाल असे:

पहिलं वर्ष: पाहणीच्या वेळी गळती आढळून आली नाही.

दुसरं वर्ष: पाहणीच्या वेळी गळती आढळून आली नाही. पंखा बसवल्यास उत्तम.

तिसरं वर्ष: मागील दोन्ही अहवालांशी सहमत.

शिवाय साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी सगळीकडं चुना मारायची गावाची जुनी चाल. पाण्याचे ओघळ, ओल, बुरशी, सगळं पांढरंशुभ्र. तिसऱ्या वर्षी तर मास्तरांचा भिंतीवरचा काळा फळासुद्धा पांढरा होणार होता. रत्नमाला फळ्याला पाठ लावून तासभर उभी राहिली म्हणून वाचला. तिची साडी मात्र कामातून गेली.

मग तिनं गुरुवारच्या बाजारातून एक निळी प्लास्टिकची बादली आणली आणि पाणी पेटीवर पडायच्या आधी झेलता येईल अशी फळीवर ठेवली. तीन महिने बरे गेले. पण त्याच वर्षी वस्तूंची यादी अद्ययावत करायला समिती आली आणि यादीत नववी नोंद झाली: 'बादली, निळी, एक नग, कै. मास्तरांच्या नित्य वापरातील.' (मास्तर अठ्ठ्याहत्तर साली गेले. बादलीवर किमतीचं लेबल होतं.) त्या दिवसापासून बादली लेखी परवानगीशिवाय हलवायला मनाई झाली. रत्नमालानं पेल्यानं पाणी उपसायला सुरुवात केली. बादली हलवायची नाही म्हणालेत, पाण्याचं कुठं काय म्हणालेत, असा तिचा सरळ हिशोब.

आता कराकडं वळू.

नगरपंचायतीनं मालमत्ता कराची संगणक प्रणाली आणली तेव्हा तिच्यात मालमत्तेचे चार प्रकार होते. निवासी, व्यापारी, औद्योगिक आणि मोकळा भूखंड. वस्तुसंग्रहालय हा प्रकार नव्हता. कर विभागातला सोमनाथ सर्वेक्षणाला आला. पोरगा कामाला चोख. दारावर पाटी होती, 'बन्सी मास्तरांचं घर'. घर म्हणजे निवासी. राहतं कोण? पाटीवरच लिहिलंय. झाली नोंद. तेव्हापासून दर वर्षी मास्तरांच्या नावानं बिल निघायला लागलं, पाठोपाठ स्मरणपत्र, मग नोटीस. मास्तरांनी एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटच्या नोटिशीत 'आपण जाणीवपूर्वक टाळाटाळ करीत आहात' असं वाक्य होतं आणि ते ठळक टाइपात होतं.

मार्चमध्ये बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला, 'गावातील दहा मोठे थकबाकीदार'. चौथ्या क्रमांकावर बन्सी मास्तर. फोटो अभिलेखातलाच घेतला होता, हार घातलेला. चारच पावलांवर दुसरा फ्लेक्स होता, स्मृतिदिनाचा, 'ज्ञानाचा दिवा लावणाऱ्या मास्तरांना नगरपंचायतीचे विनम्र अभिवादन'. फोटो तोच. छपाईच्या खर्चात बचत झाल्याचं टिपणीत नमूद आहे.

लक्ष्मीबाई दवाखान्यातून येताना तिथं थांबली. दोन्ही फ्लेक्स तिनं अक्षर जोडून जोडून वाचले. ते वाचायला तिला ज्यानं शिकवलं होतं त्याचंच नाव तिथं होतं. घरी येऊन ती जेवलीच नाही.

"मास्तरानं कुणाचा खडूबी ठेवून घेतला नाय कधी," ती म्हणाली. "अन् त्याला बुडव्या म्हनतेत? चारचौघात? रत्ने, ते नाव काढ तिथनं. मी मरायच्या आत काढ."

रत्नमालानं त्या दिवशी मास्तरांचं बिल घेतलं आणि वाचलं. नुसतं पुढून नाही, मागूनही. बाभूळटेकच्या इतिहासात बिलाची मागची बाजू वाचणारी ती पहिली व्यक्ती. (छापणाऱ्यानंही वाचली नव्हती. सूचना क्रमांक नऊ दोनदा आहे.) पुढच्या बाजूला सातव्या ओळीत 'स्मारक देखभाल उपकर' होता. तो गावातल्या प्रत्येक घराला लागतो आणि त्यातून उपकराच्या पावत्या छापल्या जातात. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, सूचना क्रमांक चौदा होती: 'जप्त मालमत्तेची किंमत लिलावापूर्वी घटू नये म्हणून तिची आवश्यक दुरुस्ती कर विभागाने पंधरा दिवसांत, निविदेविना करावी.'

तिनं ते तीनदा वाचलं आणि सकाळी नगरपंचायत उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसली.

"सोमनाथभाऊ, मास्तराच्या घरावर जप्ती आना," ती म्हणाली.

सोमनाथच्या हातातला चहा सांडला. त्याच्या नोकरीत आजवर लोक जप्ती टाळायला येत. कुणी आमदाराचा फोन घेऊन येई, कुणी म्हातारा बाप घेऊन येई. जप्ती मागायला कुणी आलं नव्हतं.

"ताई, बरं हाय ना सगळं? ते घर आपलंच हाय. नगरपंचायतीचं."

"व्हय. मग बिल कुणाच्या नावानं काढता?"

"मास्तरांच्या."

"भरलं का त्यांनी?"

"नाय."

"नोटिसा दिल्या?"

"सात."

"मग आता काय करतेत नियमानं?"

सोमनाथनं फाइल उघडली, बंद केली, परत उघडली. नियमानं खरंच दुसरं काही करता येत नव्हतं. "लई अवघड केलं ताई तुम्ही," तो म्हणाला.

मुख्याधिकारी संभाजीनगरातल्या गारखेड्याहून रोज येऊन-जाऊन करत, त्यामुळं त्यांना निर्णयासाठी अकरा ते साडेतीन एवढाच वेळ मिळे. त्यांनी फाइल पाहिली. मार्चअखेर जप्तीचं उद्दिष्ट पाच होतं आणि झाली होती शून्य, कारण बाकीच्या नऊ थकबाकीदारांपैकी सहा नगरसेवक होते आणि तीन त्यांचे मेहुणे. विरोध करणार नाही असा थकबाकीदार एकच होता. साहेबांनी लगेच सही केली.

पंचनाम्याला बँड सोडून सगळं होतं. दोन पंच, एक पोलीस, एक फोटोग्राफर. भीमनगरातली बायामाणसं जमली. आतल्या सगळ्या वस्तू मोजणं बंधनकारक, त्यात पेटीतलीही आली. "किल्ली?" पंचांनी विचारलं. किल्ली नव्हती. "मग नियमानं तोडा," सोमनाथ म्हणाला, आणि अकरा वर्षं कुणाला उघडता न आलेलं कुलूप हातोड्याच्या दोन घावांत गळून पडलं. रत्नमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते तिनं पदरानं टिपलं, कारण खालची वस्तू आधीच बरीच भिजलेली होती.

पानं मोजायला सोमनाथ पट घेऊन ओट्यावर बसला. वरच्या कडेला ओल चढली होती, दोन-चार नावांची शाई फुटली होती. अठ्ठेचाळिसावं नाव शाबूत होतं. लक्ष्मीबाईनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि लहान पोरीसारखी हसली. "माजं बघ, एकबी गै नाय."

सोमनाथ मात्र पुढच्या एका पानावर अडकला होता. एकशे तिसावं नाव 'मोतीराम सखाराम'. त्याचा आजा. महिन्याचे सगळे रकाने लाल. गै, गै, गै, थेट तिसापर्यंत.

"हे आमचं आबा," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक हाय मला," लक्ष्मीबाई म्हणाली. "मळ्यातून वर्गाला म्हणून निघायचा अन् पत्ते कुटीत बसायचा. मास्तर महिनाभर रोज तुमच्या दारात. शेवटी एकतीस तारखेला आला गपगुमान. तिथनं पुढं बघ."

सोमनाथनं पान उलटलं. पुढं सगळं काळ्या शाईत होतं. त्यानं पट मिटला, पत्र्याच्या भोकाकडं बघितलं, आणि तिथंच मोबाइल काढून पत्रेवाल्याला फोन लावला.

छप्पर नऊ दिवसांत झालं. नवे पत्रे, खाली लाकडी दांड्या, भिंतीला गिलावा. जे काम अकरा वर्षं संग्रहालयासाठी करता येत नव्हतं ते थकबाकीदारासाठी नऊ दिवसांत झालं. शासन कठोर असतं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग लिलाव. पाच जण बोलीला आले. पहिल्यानंच शंका काढली, "आत राहतं कुणी?" सोमनाथनं प्रामाणिकपणे नोंद वाचली: ताबा बन्सी मास्तर, सत्तावन्न सालापासून. "निघतील का?" "आजवर एकाही नोटिशीला दाद दिलेली नाही," सोमनाथ म्हणाला. असला चिवट कब्जेदार कोण अंगावर घेणार? पाचही जण चहा पिऊन गेले. बोली न आल्यास नगरपंचायतीनं नाममात्र एक रुपयाला मालमत्ता घ्यावी असं सूचना क्रमांक पंधरामध्ये होतं. (हीसुद्धा रत्नमालानंच दाखवली.) अशा रीतीनं नगरपंचायतीनं स्वतःचं घर स्वतःकडून विकत घेतलं, थकबाकी निरंक झाली, आणि फ्लेक्सवर चौथ्या क्रमांकावर पांढरा कागद चिकटवला गेला. लक्ष्मीबाई तो कागद बघायला रिक्षा करून गेली आणि येताना जिलेबी घेऊन आली.

आता हे काम आदर्श म्हणून गणलं जातं. संभाजीनगरात क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात 'जप्तीतून जतन' या विषयावर कार्यशाळा झाली. (रत्नमालाचं नाव निमंत्रितांत राहून गेलं.) त्यानंतर बाभूळटेकनं स्वतःची शाळा जप्त केली, मग स्मशानशेड, मग कोंडवाडा, आणि तिन्ही ठिकाणं दुरुस्त झाली. दिवाळीनंतर नगरपंचायत स्वतःच्या कार्यालयावर जप्ती आणणार आहे, कारण सभागृह गळतं. साहेब तेवढे दिवस गारखेड्याहून काम पाहतील.

रत्नमालाचं मात्र एक राहिलं होतं. घर कोरडं झालं, पट वाळला, बादली अधिकृतरीत्या कोरड्या अवस्थेत प्रदर्शित झाली. पण भेट देणाऱ्यांची वही बघितली तर वर्षात एकोणचाळीस नावं. त्यातले एकवीस पंचनाम्याचे आणि पाच लिलावाचे. सातव्या ओळीचा उपकर भरणारं गाव साडेचार हजार घरांचं.

तिनं सोमनाथकडून करदात्यांची यादी मागून घेतली. नवी जाडजूड वही आणली, तिच्यात सगळी नावं उतरवली, महिन्याचे रकाने आखले. आता रोज संध्याकाळी ती मास्तरांच्या फळ्याखाली बसून हजेरी घेते. लाल शाईच्या दोन बाटल्या संपल्या. सकाळी बाजारात जाताना एखाद्या दारात थांबून विचारतेही. आठवड्यात बारा जण येऊन गेले, त्यातला एक मुख्याधिकारी.

तुम्ही बाभूळटेकचे नाही, म्हणून आत्तापर्यंत निवांत हसलात. हरकत नाही. तुमच्या गावातही असं एखादं घर असेल, आणि तुमच्याही बिलाला मागची बाजू असेलच. रत्नमालानं वहीची शेवटची शंभर पानं बाहेरगावच्यांसाठी कोरी ठेवलीत. जो इथवर वाचतो त्याचं नाव पटावर चढतं, आणि चढलं की रोज यायचं, अट मास्तरांचीच आहे. तुमचं आत्ताच चढलं. आजचा रकाना तिनं लाल शाईनं भरलाय. उद्या सकाळी दार वाजलं तर काय सांगायचं, तेवढं ठरवून ठेवा.