काशिनाथमामांचा पेचकस

पहिल्याच भेटीत काशिनाथमामांनी माझ्या छातीला पेचकस लावला. हातभर लांब, लाकडी मुठीचा. टोक माझ्या खिशाजवळ, मूठ त्यांच्या कानाला. मी जागच्या जागी गार! घडीभर ऐकून म्हणाले, "चालू हाय. पण लोड घेत नाय. न्याहारी केली नाय वाटतं?"

खरंच केली नव्हती हो!

मुकुंदवाडीपलीकडच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअर बघतो, मामा पॉवरहाऊस सांभाळत. लाइन गेली की तिथली दोन डिझेल इंजिनं कारखान्याला आणि शेजारच्या कामगार वसाहतीला वीज देतात. मामा पाचोडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यामुळं इंजिनांची नावं थोरली आणि धाकली. पेचकस इंजिनाच्या अंगाला टेकवून मूठ कानाला लावली की आतलं दुखणं त्यांना कळे. जुने मेस्त्री असं करतातच, पण हा गृहस्थ मिक्सर, नळ, साहेबांचं टेबल, काही म्हणता काही सोडत नसे. "लोड घेतला का?" हा तर त्यांचा रामराम. पोराला नोकरी लागली, त्यानं लोड घेतला. सून आली, घरानं लोड घेतला. एकदा थेट साहेबांनाच म्हणाले, "नुसतंच फिरताय सायेब, लोड कवा घेणार?" हसू दाबता दाबता आमची पुरेवाट झाली.

यंदाच्या तपासणीत डॉक्टरांनी मामांचे कान बघितले आणि त्यांची बदली माझ्या स्टोअरला झाली. तेव्हा कुठं आम्हाला उमगलं, मामा आमचं बोलणं ओठांवरून ओळखत होते. जन्म इंजिनांपाशी गेला, पण कानात कधी बोळे घातले नाहीत. का, तर "मग ती काय म्हणती ते कसं कळावं?"

आता इंजिनांवाचून हे झुरणार, असं मला आपलं वाटलं. त्यांच्या समोर बसून तसं म्हणालोही.

"इंजिनाचं काय घिऊन बसला!" मामा म्हणाले. "पुढल्या म्हैन्यात सून बाळंत व्हायचीय. नातवंडाचा आवाज मला कसा यील, ते सांगा."

मला लई वाईट वाटलं.

बारशाला पाचोडला गेलो. नात झाली होती. बाया पाळणा म्हणत होत्या आणि मामा त्यांच्या ओठांकडं बघत मान डोलवत होते. तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. तिचा उघडा जबडा बघून मामा ताडकन उठले आणि आतून पेचकस घेऊन आले. डिझेलचा वास जाईस्तोवर घासलेला.

"अगं बाई!" मामी ओरडल्या. "अवो, बारसं हाय! पाळणा कशाला खोलताय?"

मामांचं लक्षच नव्हतं. पाळण्याच्या लाकडी कठड्याला बाहेरून टोक टेकवलं, मूठ कानाला दाबली आणि डोळे मिटले. बघता बघता गालांवरून पाणी ओघळलं.

सून लेकराला उचलायला वाकली. पाळणा हलला, तसे मामांनी डोळे उघडले आणि मोकळा हात आडवा केला.

"थांब गं पोरी. रडू दे तिला जरा."