पहिल्याच शब्दाला हो

निवृत्तीनंतर मैसुरात स्वतःचं घर घ्यायचं, असा निर्णय भुजंगरावांनी घेतला आणि तो सर्व संबंधितांना, म्हणजे पत्नी वनजाबाईंना, रीतसर कळवला. वनजाबाईंना तो निर्णय लग्नापासूनच मान्य होता. मंडी मोहल्ल्यातल्या भाड्याच्या माडीचा जिना आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. त्यांना बैठं घर हवं होतं आणि स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. भुजंगरावांना घासाघीस हवी होती.

भुजंगरावांचे पूर्वज मैसूरच्या घोडदळात होते. आता घोडा नाही, तलवार नाही, विमा कंपनीतली खुर्चीही गेलेली. उरलेलं एकच रणांगण म्हणजे बाजार. कोथिंबिरीच्या जुडीवरूनही ते अशा बेताने पाठ फिरवत, की भाजीवालीने हाक मारलीच पाहिजे. ती हाक आली की त्यांच्या चेहऱ्यावर गड सर केल्याचं तेज चढे.

कडकोळच्या वाटेवर तिरुमलराव नावाच्या बिल्डरने नवी बैठी घरं बांधली होती. त्यातलं पहिलंच घर पाहायला गेले आणि वनजाबाई स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. ओट्यावर ऊन पसरलं होतं. नळाला पाणी जोरात येत होतं. त्यांनी पदराने ओटा पुसलासुद्धा. भुजंगरावांनी डोळ्यांनी दटावलं. घर आवडल्याचं बिल्डरला कळू देणं म्हणजे शत्रूच्या छावणीत चिठ्ठी धाडणं.

तिरुमलरावांनी किंमत सांगितली. भुजंगरावांनी ती ऐकून डोळे मिटले, मान हलवली आणि बराच खालचा एक आकडा फेकला. आता हा कपाळाला हात लावेल, सिमेंटचे भाव सांगेल, मग आपण दाराकडे निघायचं, असा सगळा व्यूह तयार होता.

"आगलि, सार," तिरुमलराव म्हणाले. "होऊ दे. घर रिकामं ठेवण्यापेक्षा चांगली माणसं आलेली बरी. मला परवडतं."

"म्हणजे... हो?"

"हो, सार. कॉफी घेणार?"

परतताना रिक्षात वनजाबाई पडद्यांचा रंग ठरवत होत्या. भुजंगराव सुतकी चेहऱ्याने बाहेर बघत होते.

"अहो, आता काय झालं? मागितलं तेवढं कमी केलं की त्याने!"

"तेच तर झालं! भांडला नाही, रडला नाही, एका शब्दात हो. आपण फसलोय, वनजा."

संध्याकाळी वनजाबाईंचे बंधू संताजीराव आले. त्यांनी आयुष्यात एकही घर विकत घेतलं नव्हतं, त्यामुळे या विषयावर त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई. "लगेच हो म्हणाला? मग भावजी, तुम्ही आकडाच जास्त बोललात. परत जा, आणखी पाडा."

भुजंगराव परत गेले आणि आणखी पाडायला लागले. तिरुमलरावांनी क्षणभर हिशेब केला. "बरं, सार. एवढ्यातही जमेल. याच्या खाली मात्र नुकसान आहे."

आता संशयाला जागाच उरली नाही. घरात काहीतरी भयंकर असणार. भुजंगरावांनी इंजिनिअर आणला. त्याने भिंती ठोकल्या, पाया तपासला आणि दोष आढळत नाही असं लेखी दिलं. तो कागद दिव्याखाली धरून संताजीराव गंभीरपणे म्हणाले, "इंजिनिअरलाही सापडत नाही, म्हणजे दोष किती खोल असेल!" मग वकील आला. कागदपत्रं स्वच्छ निघाली, त्यामुळे प्रकरण आणखीच चिघळलं. वास्तुतज्ज्ञानेही घर उत्तम म्हटल्यावर तो तिरुमलरावांना फितूर आहे, हे सिद्ध झालं.

शेवटी भुजंगराव एकटेच तिरुमलरावांसमोर जाऊन बसले.

"माझी एकच विनंती आहे. एकदा नाही म्हणा."

"पण मला जमतंय की, सार."

"जमत असलं तरी म्हणा! मला झोप नाही हो."

तिरुमलराव भला माणूस. त्यांनी घसा साफ केला. "आगोदिल्ला," ते हळूच म्हणाले, "जमणार नाही." आणि लाजून हसले. भुजंगराव सौदा सोडून उठले. अशा हसण्यावर कोण विश्वास ठेवणार?

"मला तिथे राहायचं होतं," त्या दिवशी वनजाबाई एवढंच म्हणाल्या. मग गुडघ्याला तेल चोळत बसल्या.

पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर नरसिंहमूर्ती नावाचा बिल्डर भेटला आणि भुजंगरावांच्या जिवात जीव आला. पहिलाच आकडा ऐकून नरसिंहमूर्ती "आगोदिल्ला!" असा गरजला, की बाहेरचे गवंडी थांबले. त्याने कपाळ बडवलं. मुलांचे फोटो दाखवून ती रस्त्यावर येतील म्हणाला. भुजंगराव निघाले, त्याने फाटकापर्यंत जाऊ दिलं आणि मग हाक मारली. पुन्हा निघाले, पुन्हा हाक. प्रत्येक हाकेला किंमत थोडी उतरली. एकदा गच्चीवरची पाण्याची टाकी व्यवहारातून वगळली गेली, एकदा खिडक्यांचे गज, एकदा तळमजला. अखेर डोळे पुसत नरसिंहमूर्ती म्हणाला, "सार, तुम्ही मला मारलंत!"

ही किंमत तिरुमलरावांच्या पहिल्या किमतीहूनही जास्त होती. पण भुजंगराव त्या रात्री गाढ झोपले.

वास्तुशांतीला सगळी मंडळी जिना चढून वर आली. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागत होता. वनजाबाई खालून आणलेल्या बादलीतून पेले भरत होत्या. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना घासाघीस रंगवून सांगताना भुजंगराव तिसऱ्यांदा फाटकापर्यंत जाऊन परत येत होते.

"किती उतरवलंत?" प्रत्येक जण विचारी आणि आकडा ऐकून "भले शाब्बास!" म्हणे. आत ऊन येतं का, पाणी येतं का, हे कोणीही विचारलं नाही.

तुम्ही हसताय, हसा. मात्र तिरुमलरावांच्या त्या घराची किंमत आम्ही अजून सांगितलेली नाही आणि तो प्रश्न मघापासून तुमच्या ओठांवर आहे, हे आम्हाला दिसतंय. ते घर अजून विकायचं आहे. तिरुमलराव म्हणतात, तुम्ही म्हणाल त्या किमतीला देतो.

बघा, लगेच शंका आली ना?