लिंबाजी तात्यांचा बिल्ला

आमचे लिंबाजी तात्या सकाळी दवाखान्यात आले की देवाच्या आधी छातीवरच्या बिल्ल्याला हात जोडतात. मांजरसुंब्याच्या चौकातल्या या दवाखान्यात ते एक्स-रे काढतात, मी शेजारी बसून पेशंटच्या चिठ्ठ्या लिहितो. अंगाला किरणं किती लागली ते हा बिल्ला मोजतो, पण सांगत नाही. दर तीन महिन्यांनी त्याला तपासणीला धाडायचं, मग पत्र येतं.

"बायको चुकलं की तितंच बोलायची," तात्या म्हणतात. "ह्यो गडी तीन महिने गप बसतो. लई वंगाळ!"

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तात्यांना पत्र येतं ते एवढंच, आणि त्यात नावापुढं कायम शून्य.

किरणांना हा माणूस वाघासारखा भितो. बटणाची वायर पुरली असती तर त्यांनी मांजरसुंब्याची हाडं लांबच्या नारायणगडावर बसून टिपली असती. पेशंटला "श्वास धरा" म्हणताना स्वतःही असा धरतात की पेशंट सदरा घालून एसटीत बसला तरी सोडायचं भान नसतं. एकदा मीच पाठीत गुद्दा घालून सोडवला.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली तलवाड्याची ट्रॉली चौकात कलंडली. तीन वर्षांच्या सोनीचा हात मोडला. बाप टाके घालून घेत होता, आई आठव्या महिन्यात. तिला एक्स-रेच्या खोलीत कसं सोडणार? पोरगी रडून रडून हात प्लेटवर ठेवीना. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शूर माणूस, तोवर दाराआड पोचलो होतो.

"भित्र्या, बटण तरी दाब बे!" म्हणत तात्या किरणं अडवणारा शिशाचा झगा चढवून आत शिरले. आतलं रडं अचानक थांबलं. मी बटण दाबलं.

हिवाळ्यात पत्र आलं. शून्य नव्हतं.

"मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, तात्या," डॉक्टर हसले. तात्यांचा चेहरा मात्र चुना फासल्यागत झाला. खाणावळीचा डबा तसाच परत जाऊ लागला. म्हातारा मरणाला भ्यालाय, असं समजून मी धीर द्यायला गेलो.

"माजं न्हाई रे," ते हळूच म्हणाले. "पोरीचं रडं थांबंना, म्हणून बिल्ला तिच्या मुठीत दिलता. मी झग्याआड, अन् त्यो प्लेटवर तिच्या हातासंगं. त्यो आकडा तिचा हाय."

"एका फोटोनं काय होतंय, तात्या?"

"मला बी ठावं हाय. पर माजं मोजाया बिल्ला हाय. तिचं कोण मोजतंय?"

तात्या तलवाड्याला जाऊन आले; घराला कुलूप. मग चौकात थांबणाऱ्या प्रत्येक उसाच्या गाडीला विचारायचे, "हात मोडलेली सोनी कुणी बगितली का?" कुणी 'न्हाई' म्हणून मान हलवली की खाली बसायचे.

उसाचे फड संपले आणि एक दिवस ती दारात उभी. आईच्या कडेवर नवं बाळ, सोनीच्या तोंडात बिस्कीट. तात्यांनी तिची बोटं पुन्हा पुन्हा मोजली. प्रत्येक वेळी पाचच भरली, तरी पटेना.

हाड नीट सांधलं का ते बघायला डॉक्टरांनी आणखी एक फोटो सांगितला. सोनीनं हात प्लेटवर ठेवला आणि मूठ उघडली. तिला बिल्ला हवा होता.

तात्यांनी छातीवर हात दाबून धरला. "आज न्हाई, माय." पोरीचा ओठ थरथरायला लागला. तसं शिशाच्या झग्याआडून तात्यांचं एक बोट बाहेर आलं. तिनं ते गच्च धरलं.

"दाब बे!"

मी बटण दाबलं.

फोटोत हाड छान सांधलेलं. पाच चिमुकली बोटं, त्यांच्या मधोमध एक जाड, म्हातारं बोट. डॉक्टर असे ओरडले की चौकातल्या ढाब्यांवरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली.

पुढच्या पत्रात तात्यांच्या नावापुढं पुन्हा शून्य आलं. बिल्ला झग्याआड छातीवर होता. बोटाचं त्याला कुणी सांगितलं नाही.