अकरा कप

दळवीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी संडासाचं दार उघडं आहे का बघायचे, मग माणसांकडे. आमच्या बिल्डिंगीतल्या सोळाही घरांच्या कड्या त्यांना पाठ. "आठ नंबरची कडी सैल आहे, आतून धरून बसावं लागतं," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. माझं नाव त्यानंतर विचारलं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नेरूळला नवीनच बिल्डिंग, आणि पाणी यायचं तासभर, तेही केव्हा येईल त्याचा नेम नाही. काका रिटायर झालेले, तळमजल्यावर एकटे. टाकीत धार पडली की हा माणूस चार मजले चढून दारोदार सांगायचा, "पाणी आलं हो, भरून घ्या." एवढा जीव तोडून आलेल्या माणसाला कोण तसंच पाठवणार? बहुतेक घरी चहा. काका कधी नको म्हणायचे नाहीत. दोन घोट, एक गोष्ट, आणि गोष्ट रंगात आली की हात वर करून, "आलोच." एकदा सोसायटीच्या मीटिंगमधून ते असे "आलोच" म्हणून गेले तेवढ्यात आम्ही त्यांना सेक्रेटरी करून टाकलं. परत येऊन बिचारे टाळ्या वाजवत बसले, कुणासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

मग एके दिवशी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच घोटाळा झाला, काकांचा पायजमा ओला. पुढचे दोन दिवस काका दार उघडेनात. त्यांची चेष्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो, त्यामुळे मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी धरूनच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर काय पिता आणि केव्हा जाता ते लिहून आणा. काकांनी घरागणिक यादी केली. दिवसाला अकरा कप चहा.

"आणि पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते मी पूर्ण बंद केलंय," काका छाती पुढे काढून म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पाणी तोडलंत तर लघवी गडद होऊन आणखी टोचेल. पाणी प्या. चहा हळूहळू कमी करा. तिखट, लिंबू एकेक सोडून बघा, प्रत्येकाला वेगळं बाधतं."

काकांना तिखट चाललं, लिंबूही चाललं. नडत होता तो चहाच. महिन्याभरात अकराचा एक झाला आणि काका दोन-दोन तास बिनघोर राहू लागले. मी खूश होतो, जणू मीच बरं केलं.

पण काका घरात येईनासे झाले. जिन्यातूनच "पाणी आलं हो" म्हणायचे आणि खाली. पंधरा दिवस असं चाललं तेव्हा आमची सुमन म्हणाली, "अहो, बघून या जरा. रागावलेत की काय?"

काका खोलीत खुर्चीवर नुसते बसले होते. रेडिओही बंद.

"राग कसला, मास्तर? चहा नको म्हटल्यावर लोकांकडे बसायचं कशाला? निरोप सांगायला अर्धं मिनिट लागतं. चहा उकळेपर्यंत माणूस बस म्हणतो, चार शब्द बोलतो. ही गेल्यावर मी इथे आलो. चहावरच तर ओळखी झाल्या माझ्या."

घरी येऊन सुमनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांची हाक आल्याबरोबर ती दारात जाऊन उभी राहिली.

"काका, आत या. एवढी मेथी निवडून द्या, मला कणीक मळायचीय."

काका आत आले, पेपर पसरून बसले. एकेक पान असं बघून तोडत होते की जणू बाजारात परत विकायचंय. मध्येच त्यांच्या बायकोच्या हातच्या मेथीचा विषय निघाला आणि मग काय, थांबेनात. सुमनची कणीक मळून झाली, पोळ्या झाल्या, तेव्हा कुठे जुडी संपली.

काकांनी देठं गोळा केली, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"उद्या कुठली भाजी, वहिनी?"