जेवणाच्या टेबलावरचा तानपुरा

पुस्तक वाचून माणसाला काहीही शिकता येतं, असं माझं ठाम मत होतं. पोहणं, पुरणपोळी, शेअर बाजार, काहीही! मी अकाउंटंट आहे, पण घरचा गळका नळ मी एकदा पुस्तक वाचून दुरुस्त केला होता. नंतर प्लंबर बोलवावा लागला, पण तो दुसऱ्या नळासाठी. तेव्हा सोल्डरिंग, म्हणजे विजेच्या तारांना डाग देऊन जोडणं, त्यात काय मोठंसं? एक तापलेली दांडी, थोडी वितळणारी तार आणि वाचनाची सवय असलेली एक बाई. झालं काम!

मुळात हे करायची वेळ का आली, ते सांगते.

बाबा फेब्रुवारीत गेले. निवृत्त झाल्यावर ते आणि आई पुण्याहून माझ्याकडे, मरीन परेडच्या फ्लॅटवर राहायला आले होते. इथे आल्यावर बाबांनी कोणी न विचारता एक खातं सुरू केलं: सिंगापूरमधल्या समस्त मराठी माणसांच्या बिघडलेल्या वस्तू. आपल्या लोकांचं कसं आहे, कॉन्डो घेतील, मुलांना पियानोची शिकवणी लावतील, पण लग्नात मिळालेला मिक्सर टाकणार नाहीत. तो पुण्याहून वीस किलोंच्या सामानात बसून आलेला असतो. इथला दुकानदार म्हणतो, "ब्रोकन आह? बाय न्यू वन लाह!" आणि ती माणसं दुखावून थेट बाबांकडे येतात. बाबा गेल्यावर भेटायला आलेली मंडळीसुद्धा निघताना चपला घालता घालता हळूच म्हणायची, "काका गेले, फार वाईट झालं... तो आमचा मिक्सर त्यांच्याकडेच होता, नाही का?"

मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर सगळे एकेक करून परत गेले. एकच वस्तू उरली. सुलेखाताईंचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा.

सुलेखाताई जुरोंग ईस्टला मुलांना गाणं शिकवतात. त्यांचा तानपुरा म्हणजे टिफिनच्या डब्याएवढी पेटी, बटण दाबलं की आपोआप सूर धरणारी. ती पेटी बाबांनी जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवली, आणि त्याच आठवड्यात त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तेव्हापासून ती तशीच होती. झाकण एकीकडे, स्क्रू वाटीत, शेजारी बाबांचा चष्मा.

आई त्या टेबलाला कोणाला हात लावू देत नव्हती. स्वतःही तिथे बसत नव्हती. ती ओट्याशी उभ्या उभ्या दोन घास खायची, मी सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन. तशी आई एकूणच बोलत नव्हती.

मला वाटलं, ही पेटी दुरुस्त होऊन सुलेखाताईंच्या घरी गेली, की बाबांचं शेवटचं काम पुरं होईल, टेबल मोकळं होईल, आणि आई पुन्हा ताटावर बसेल. एवढंच मला हवं होतं.

"आई, तानपुरा मी दुरुस्त करू का?"

"तुला येतं?"

"शिकेन."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग शीक," म्हणाली आणि खोलीत गेली. ही परवानगी आहे, असं मी धरून चालले.

लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, नवशिक्याने तापमान कमीजास्त करता येणारं सोल्डरिंग स्टेशन घ्यावं, स्वस्तातलंही चालेल. बाबांची जुनी सोल्डरिंगची दांडी होती, पण तिच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली आणि वायरला दोन जोड. ती फक्त त्यांच्याच हातात शहाण्यासारखी वागायची.

शनिवारी मी सिम लिम टॉवरला, इथल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात गेले. एका दुकानात भिंतभर तारा लोंबत होत्या आणि मध्ये एक चिनी आंटी स्टुलावर बसून नूडल्स खात होती.

"सोल्डरिंग स्टेशन. स्वस्तातलं," मी इंग्रजीत म्हणाले.

"फॉर यॉर सन आह? स्कूल प्रोजेक्ट?"

"नाही. फॉर माय फादर," मी म्हणाले. म्हणजे मला म्हणायचं होतं, वडिलांचं काम आहे. पण तोंडातून तेवढंच बाहेर पडलं.

"वाऽ! यॉर फादर हाउ ओल्ड?"

"सेव्हंटी थ्री."

"सेव्हंटी थ्री स्टिल कॅन सोल्डर! माय हजबंड सिक्स्टी ओन्ली, होल डे वॉच टीव्ही!"

आता इथे खरं सांगायला हवं होतं. पण समोर नूडल्स खाणारी एक बाई इतक्या कौतुकाने हसत असताना "ते वारले" हे वाक्य कुठे ठेवायचं, ते मला कळेना. मी नुसती मान हलवली. तिने एक निळा डबा काढून दिला. समोर तापमानाची चकती, बाजूला दांडी टेकवायला स्प्रिंगचा स्टँड. वर एक भिंगसुद्धा फुकट दिलं. "ओल्ड मॅन आइज नो गुड. टेल हिम डोन्ट ब्रीद द स्मोक, ओके?"

"ओके," मी म्हणाले. "सांगते."

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तो डबा मांडीवर घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मी हमसून हमसून रडते आहे आणि शेजारची मुलगी हळूहळू पलीकडे सरकते आहे. असो. विनोदी भाग पुढे आहे.

रविवारी दुपारी आई झोपल्यावर मी ओट्याशी सरावाला उभी राहिले. डब्यात पिवळ्या पुठ्ठ्याचा एक चपटा तुकडा होता. पॅकिंग असेल म्हणून मी तो टाकून दिला. पुस्तकात लिहिलं होतं, दांडीचं टोक ओल्या स्पंजावर पुसत राहावं. स्पंज? माझ्याकडे आहे की, भांडी घासायचा! मी तो छान भिजवला, दांडी खूप तापवली आणि टोक ऐटीत त्यावर फिरवलं.

स्पंज वितळला! टोकाला हिरव्या चिंगमसारखा लगदा चिकटला. तो काढायला मी चमचा घेतला, तर चमच्याची प्लॅस्टिकची मूठही त्यात सामील झाली. धूर असा निघाला की जणू ओट्यावर टायर जळत होतं! मी खिडक्या उघडल्या, दार उघडलं, टॉवेल गरागरा फिरवला. धूर सरळ कॉरिडॉरमध्ये गेला आणि समोरच्या मिसेस कोहना घेऊन आला.

मिसेस कोह नाकाला रुमाल लावून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आत पाहिलं. भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो. टेबलावर पोट उघडलेली पेटी आणि चष्मा. ओट्याशी धुरात मी, डोळे लाल, हातात वायर लोंबणारी, धूर सोडणारी दांडी. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू मावळला.

"यू बर्निंग फॉर यॉर फादर?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी कागदी वस्तू जाळतात: कागदी घर, कागदी गाडी, हल्ली कागदी मोबाइलसुद्धा. म्हणजे वर त्यांना त्या पोहोचतात.

"नो, नो, मिसेस कोह, मी फक्त..."

"वी बर्न पेपर वन ओन्ली," त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. "यू बर्न रियल वन! सो फिलियल, सो गुड डॉटर. माय सन, पेपर वन ऑल्सो डोन्ट वॉन्ट टू बाय." मग जरा थांबून, "बट नेक्स्ट टाइम डाउनस्टेअर्स, कॅन? गॉट बिन फॉर बर्निंग."

मी म्हटलं, "कॅन." दुसरं काय म्हणणार! संध्याकाळी दाराबाहेर संत्र्यांची पिशवी ठेवलेली होती. मजल्यावरचे सगळे मला लिफ्टमध्ये आधी जाऊ देऊ लागले. शोकात इतका मान मला आजवर कोणी दिला नव्हता, आणि तो मी भांड्यांचा स्पंज जाळून मिळवला होता.

आईने विचारलं, "कसला वास येतोय?"

"सराव," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. तिचा चेहरा काही नाराज दिसला नाही. मला वाटलं, पोरगी धडपडते आहे म्हणून बरं वाटलं असेल.

पुढच्या शनिवारी नवीन टोक आणायला पुन्हा आंटीकडे.

"यॉर फादर लाइक ऑर नॉट?"

"लाइक," मी म्हणाले. "पण टोक खराब झालं."

"हाउ कॅन? सो फास्ट? ही नेव्हर यूज द स्पंज आह? द यलो वन, फ्लॅट वन, पुट वॉटर बिकम फॅट!"

मी मान खाली घातली. तो पुठ्ठा! "ही थ्रू इट अवे," मी म्हणाले. हयातीत ज्यांनी एक रबरबँड टाकला नाही, त्यांच्यावर मी हा आळ घेतला.

"ओल्ड आलरेडी, लाइक दॅट वन," आंटी प्रेमाने म्हणाली. "डोन्ट स्कोल्ड हिम."

नवीन टोक आणि जाडजूड स्पंज मिळाल्यावर मात्र माझा हात बसला. आमच्याच एका जुन्या रेडिओतल्या सर्किटच्या पट्टीवर मी एकामागून एक चकचकीत थेंब ठेवत गेले. आत्मविश्वास इतका वाढला की सुलेखाताईंना फोनच केला. "ताई, उद्या दुपारी तानपुरा घ्यायला या! तयार आहे." तयार नव्हता, पण होणारच होता ना!

रविवारी आई झोपायला गेली आणि मी भिंग घेऊन टेबलाशी बसले. पुस्तकात बिघाड शोधायची युक्ती होती: कारखान्यातले सगळे जोड एकसारखे असतात. जो वेगळा दिसेल, त्याच्यावर संशय घ्या.

मी एकेक जोड तपासला. सगळे लहान, सारखे, राखाडी. आणि कडेला, वीज आत येते त्या जागी, एकच वेगळा! मोठा, गोल, इतरांपेक्षा चमकदार. सापडला चोर! दांडी टेकवली. तो थेंब क्षणभर थरथरला आणि वितळला. मी तो ओढून काढला. त्याच्याबरोबर खालची तांब्याची पट्टीही उखडून वर आली, पोळीचा पापुद्रा यावा तशी.

हे पुस्तकात नव्हतं.

मी तिथे नवीन सोल्डर भरलं. ते बसेना. आणखी भरलं. शेवटी शेजारचे तीन जोड एकत्र येऊन एक मोठा गोळा झाला. दाराची बेल वाजली. मी घाईने प्लग लावून बटण दाबलं. तानपुरा म्हशीसारखा हंबरला, मग टक् असा आवाज झाला, एक बारीक धुराची रेघ वर गेली आणि सगळं शांत झालं.

आवाजाने आई उठून बाहेर आली. तिनेच दार उघडलं. सुलेखाताई हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"काय गं क्षिप्रा, धूर कसला? आणि तू पेटी उघडलीस कशाला परत?"

"परत? ती उघडीच होती, ताई. दुरुस्त करत होते."

"अगं, पण ती तर काकांनी केली होती!" सुलेखाताई डबा ठेवत म्हणाल्या. "हॉस्पिटलात जायच्या आधी फोनवर वाजवून दाखवली मला. म्हणाले, विजेचा जोड सुटला होता, नवीन लावला. आता फक्त झाकणाचे स्क्रू लावायचेत. मीच म्हटलं, बरे होऊन या, मग नेते. नंतर मागायला काही तोंड उघडेना माझं."

मी टेबलाकडे पाहिलं. स्पंजावर तो गोल थेंब पडला होता. अजून चमकत होता.

तुम्ही विचाराल, आधी एकदा बटण दाबून का पाहिलं नाहीस? खरंच सुचलं नाही. इतके आठवडे हॉस्पिटलात काढल्यावर, पोट उघडं टाकलेली वस्तू बरी असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आई," मी म्हणाले, "मी बाबांचाच जोड काढून टाकला गं."

सुलेखाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे गं. चूक झाली. तुला काय माहीत! घरात कुणालाच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"मी ऐकला होता ना. तासभर वाजवत बसले होते. मी म्हटलंसुद्धा, बंद करा आता, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ही दुसऱ्या दिवशी घेऊन गेली असती." आईने बोट सुलेखाताईंकडे केलं. सुलेखाताई बिचाऱ्या लाडवांकडे बघू लागल्या.

"अगं, पण मी विचारलं तेव्हा 'शीक' कशाला म्हणालीस?"

"मला काय माहीत तू एवढ्यात सुरू करशील! म्हटलं, शिकायला दोन-चार वर्षं तरी घेशील!"

मग सुलेखाताईंना हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबायचा प्रयत्न केला, आणि मग त्याच पदराने डोळे पुसले.

"काकू," त्या म्हणाल्या, "पेटी आहे तिथे राहू दे. मी मुलांसाठी दुसरी मागवलीय मुंबईहून, खरंच."

"तसं कसं?" आई ठणकावून म्हणाली. "कामाला घेतलेली वस्तू दुरुस्त करूनच परत जाईल. आमच्या घरात तशीच पद्धत आहे." मग तिने चष्मा जरा बाजूला सरकवला, खुर्ची ओढली आणि त्या टेबलाशी बसली. लाडवांचा डबा उघडून एक लाडू काढला. "किती दिवस लागतील गं, क्षिप्रा?"

मी ती उखडलेली पट्टी पाहिली, तो गोळा पाहिला, पुस्तकाची राहिलेली प्रकरणं डोळ्यांसमोर आणली.

"आई, मला नाही वाटत हे मला कधी जमेल."

"असू दे, असू दे," आई लाडू मोडत म्हणाली. मला हातात कसब नाही, याचा तिला एवढा आनंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता.