दोघांच्या होडीतील अबोल्याची बखर

ज्याचें पाणी दिवसांतून दोन वेळां आपणहून येतें आणि दोन वेळां कोणास न पुसतां जातें, त्या सागरास प्रथम नमन. आणि ज्यांणीं पोटचीं पोरें त्या पाण्यावर धाडून आपण घरीं देव पाण्यांत ठेविले, त्या मातापितरांस दुसरें नमन. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, वैशाख शुद्ध पक्षीं, घाटावरील एका शाळेच्या राज्यांतील नववी उत्तीर्ण मंडळी, असामी आठ, दर्यावर मोहिमेस निघाली. कारण पुसाल तर पुढें दहावी म्हणोन मोठें परचक्र येऊं घातलें होतें, आणि तें आलें म्हणजे सकाळीं शिकवणी, दुपारीं शाळा, सायंकाळीं पुन्हा शिकवणी ऐसा वेढा पडणार, मग वर्षभर कोणास डोकें बाहेर काढितां येणार नाहीं, हें सर्वांस ठाऊक. सबब वेढा पडण्याअगोदर एक वेळ समुद्र पाहावा, तंबूंत निजावें, आपले हातें शिजवून खावें, ऐसा बेत ठरला. मंडळी सर्व डोंगरी. किल्ले चढण्यास पटाईत, परंतु खाऱ्या पाण्याशीं संबंध म्हणावा तर सर्दी जाहली असतां गुळण्या करण्यापुरता. मातोश्रींनीं लाडू, चिवडा, मेतकूट यांचे डबे इतके दिले कीं होड्या पाण्यांत बोटभर अधिक बसल्या.

या मोहिमेची सरनौबती अनुजाताई तारी यांजकडे. बाई बंदरावरच वाढलेल्या, वय पंचविशीचे आंत, आणि आवाज ऐसा कीं वारा उलटा असतांही हुकूम पोहोंचावा. होड्या म्हणाल तर कयाक नांवाच्या, लांबट, निमुळत्या, प्लास्टिकच्या. एका होडींत दोघे, एक पुढें व एक मागें, पाय लांब सोडून बसावें, आणि वल्ह्यास दोहीं टोकांस पातीं. ताईंनीं सर्वांस वाळूवर बसवून आज्ञा केली जे, "मागं बसणाऱ्यानं दिशा धरायची, पुढं बसणाऱ्यानं ताल. दोघांचं वल्हं एकदम पडलं पाहिजे, नाहीतर एकमेकांवर आपटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलत राहायचं रे. लाट आली सांगायचं, खडक दिसला सांगायचं. गप्प बसायचं असेल तर घरी जा." आणि मग जोड्या नेमतांना ताईंनीं उंची व वजन पाहून एका होडींत शाल्मलीबाई जगदाळे पुढें आणि विहंगराव आगाशे मागें ऐसें बसविलें. तें ऐकतांच साऱ्या फौजेनें एकमेकांकडे पाहिलें. कां कीं या दोन सत्तांमध्यें फाल्गुनापासून अबोला चालू होता, आणि ही गोष्ट ताईंखेरीज सर्वांस ठाऊक होती.

अबोल्याचें मूळ ऐसें. शाल्मलीबाई आणि विहंगराव बालवाडीपासून एका बाकावरचे, डबा एक, खोडरबर एक, शिक्षाही बहुतकरून एकच. फाल्गुनांत शाल्मलीबाईंचे तीर्थरूपांची बदली दूरच्या मुलखांत जाहली. बाईंनीं ही खबर फक्त विहंगरावांस सांगितली आणि वचन घेतलें जे, कोणास कळों देऊं नये, परीक्षा होईतों मला कोणाचें रडें नको. विहंगरावांनीं वचन दिलें, आणि चौथे दिवशीं वर्गाच्या बाईंस जाऊन सर्व सांगितलें. वर्गाच्या बाई भल्या, परंतु उत्साही फार. त्यांणीं भर वर्गांत वर्तमान जाहीर केलें, फळ्यावर फुलें काढिलीं, आणि चाळीस सह्यांचें भेटकार्ड शाल्मलीबाईंचे हातीं दिलें. शाल्मलीबाईंनीं तें कार्ड दप्तरांत घातलें, बाक बदलला, आणि त्या दिवसापासून विहंगरावांशीं अवाक्षर बोलिल्या नाहींत. आपण ऐसें कां केलें हें विहंगरावांस सांगावयाचें होतें. परंतु सांगावें कोणास, ऐकणारें माणूस पाठ फिरवून बसलें. आतां या मोहिमेचे अखेरीस शाल्मलीबाईंचे तीर्थरूप गाडी घेऊन बंदरावर येणार आणि सामानासुमानासह तेथूनच परस्पर नव्या ठाण्यास जाणार, ऐसें ठरलें होतें. म्हणजे बोलावयाचें तें बंदर लागण्याआधीं बोलावें, पुढें संधी नाहीं. विहंगरावांचें अन्न तुटलें होतें तें यामुळें. मेतकूट-भातही गोड लागेना.

आतां होडी एक, माणसें दोन आणि बोलणें शून्य, तरी वल्हें चालावें कैसें? मग वकील नेमिला. श्रीरंगपंत बेंद्रे म्हणोन उभयतांचे स्नेही, अंगानें भरदार, मनानें गरीब, आणि मोहिमेची कोठी त्यांजकडे. त्यांची होडी शेजारून चाले. विहंगराव मागून म्हणत, "श्रीरंग, तिला सांग, डावीकडं जोर लाव." श्रीरंगपंत लाडू गिळून सांगत, "शाल्मली, तो म्हणतोय डावीकडं जोर लाव." यावर शाल्मलीबाई म्हणत, "त्याला सांग, मला कळतं." आणि श्रीरंगपंत मान वळवून तेंही पोहोंचवीत. दोघांमध्यें अंतर दोन हातांचें, परंतु शब्द शेजारच्या होडीवरून फिरून येई, आणि तोंवर लाट येऊन जाई. पहिले दिवशीं ही होडी तीन वेळां आडवी जाहली, एक वेळ माघारीं बंदराकडे तोंड करून उभी राहिली. ताईंनीं जवळ येऊन पुसलें, "काय चाललंय तुमचं?" तों दोघेही एकदम म्हणाले, "काही नाही." दोघांचा ताल जमला तो तेवढा एकदांच.

पौर्णिमेचे आदले दिवशीं सायंकाळीं सर्व होड्या एका निर्जन बेटास लागल्या. पाणी ओसरलेलें, वाळू लांबवर उघडी पडलेली, वरच्या अंगास केवड्याचें बन. ताईंनीं हुकूम फर्माविला कीं, "आज उधाणाची भरती आहे. पाणी पार झाडांपर्यंत येईल. आपापली होडी केवड्यापर्यंत ओढायची आणि दोरानं बांधायची. मी तंबू लावून घेते, तुम्ही तपासून मला सांगा." ताईंची एकटीची होडी आणि मंडळींच्या चारांपैकीं तीन होड्या वर गेल्या व बांधिल्या गेल्या. चौथीचे स्थळीं ऐसें घडलें कीं, शाल्मलीबाई लाकडें वेंचावयास गेल्या, त्यांस वाटलें विहंगराव ओढतील. विहंगराव पाणी आणावयास गेले, त्यांस वाटलें शाल्मलीबाईंनीं ओढिली असेल. एक शब्द पुसता तर काम होतें. परंतु अबोला तो अबोला, त्यांत होडीचाही अपवाद नाहीं.

श्रीरंगपंत त्या वेळीं मुगाच्या खिचडीपाशीं बसलेले, डोळ्यांत धूर, पोटांत भूक, आणि दिवसभर निरोप वाहून जीव मेटाकुटीस आलेला. तेथें शाल्मलीबाई येऊन म्हणाल्या, "श्रीरंग, त्याला विचार, होडी बांधली का." पंतांनीं "बरं" म्हटलें आणि खिचडी ढवळली. पाठोपाठ विहंगराव आले आणि म्हणाले, "तिला विचार, होडी बांधली का. आणि सांग, मला तिच्याशी बोलायचंय. एकदाच." पंत उठावयास गेले तों खिचडी खालीं लागली. ती सोडावी तर आठ जणांचे शिव्याशाप, आणि निरोप तर रोजचेच. मग पंतांनीं जें आजवर कोणत्याही वकिलानें करूं नये तें केलें. जागचे न हलतां परभारें जबाब दिला. एकीस म्हणाले, "हो, बांधलीये म्हणतो." दुसऱ्यास म्हणाले, "बांधलीये म्हणाली. बाकीचं उद्या बोलू म्हणाली." तें ऐकोन विहंगराव दोन ताटल्या खिचडी जेवले, करपल्या खिचडीसही नांव ठेविलें नाहीं, आणि उद्यां काय बोलावें याचा मनांत पाठ करीत निजले. ताईंस दोघांनींही बांधिली म्हणोन सांगितलें. मग भरती आली आणि बेवारस होडी घेऊन गेली.

पहांटे उजाडतां पाहतात तों बाकीच्या होड्या केवड्याशीं, आणि ही चौथी दूर खाडीच्या तोंडाशीं खडकांच्या रांगेंत, ज्यास तेथील लोक खडप म्हणतात तेथें, तिरपी अडकलेली. पाणी पुरतें ओसरलें होतें. ताईंनीं एकवार होडीकडे आणि एकवार दोघांकडे पाहिलें, आणि ओरडल्या नाहींत, त्यामुळें सर्वांस अधिकच भय वाटलें. ताई म्हणाल्या, "पाणी फिरलं की ती उचलली जाईल आणि खडकावर आपटून फुटेल. होडी गेली तर तुम्हा दोघांची मोहीम इथंच संपली. गावातून मोठी लाँच बोलवीन, त्यात सामानाबरोबर बसून जायचं बंदरावर. श्रीरंग, तुझी होडी दे त्यांना. मी शेजारी आहे. पण सोडवून तुम्हीच आणायची." श्रीरंगपंत म्हणाले, "मी पण येऊ का? निरोप द्यायला?" ताई म्हणाल्या, "कसले निरोप?" पंतांनीं घाईघाईनें आपलें वल्हें विहंगरावांचे हातीं दिलें.

मग शाल्मलीबाई पुढें, विहंगराव मागें, अंगास फुगीर जाकिटें घट्ट बांधलेलीं, ऐसे दोघे वकिलाविना निघाले. खाडीच्या तोंडाशीं लाटा आडव्या येऊं लागल्या. डावे बाजूनें एक मोठी उठली ती मागून विहंगरावांनीं पाहिली, आणि सवयीनें "श्रीरंग" म्हणावयास तोंड उघडलें, तों श्रीरंग नाहीं. तेव्हां निरुपायें थेट म्हणाले, "शाल्मली, उजवं मार!" बाईंनीं उजवें मारिलें, होडीनें तोंड फिरविलें, आणि लाट खालून निघून गेली. कांहीं वेळानें बाई मागें न पाहतां म्हणाल्या, "ओरडू नकोस. ऐकू येतं मला." फाल्गुनानंतरचें पहिलें भाषण तें हें.

विहंगरावांस हुरूप आला. म्हणाले, "तू काल म्हणालीस ना, उद्या बोलू."

"मी कुठं म्हणाले?"

"श्रीरंग म्हणाला."

"श्रीरंग मला म्हणाला, तू होडी बांधलीस."

उभयतांनीं वल्हीं थांबविलीं. वकिलाची सर्व कारकीर्द त्या क्षणीं उघडी पडली. शाल्मलीबाईंस हंसूं आलें, तें त्यांणीं दाबिलें, परंतु मागें बसणारास पुढल्याचे खांदे दिसतात, ते लपत नाहींत. मग बाईंनीं स्वतःच पुसलें, "तू वर्गाच्या बाईंना का सांगितलंस?" विहंगराव रात्रीं केलेला पाठ जागचे जागीं विसरले. म्हणाले, "मला वाटलं, शाळेनं पत्र लिहिलं तर बदली थांबेल."

"बाबांची?"

"हो."

"शाळेच्या पत्रानं?"

"तेव्हा वाटलं. तू जाऊ नयेस असं वाटत होतं गं, दुसरं काही नाही. कार्डाचं मला माहीत नव्हतं. तुला दिलेला शब्द मोडला, ते माझं चुकलं."

 शाल्मलीबाईंचे खांदे पुन्हा हलले, परंतु या खेपेस हंसण्यानें कीं रडण्यानें हें मागून कळेना, आणि पुसण्याची विहंगरावांची छाती होईना. अखेर बाई म्हणाल्या, "लिहिलं का मग पत्र त्यांनी?" विहंगराव म्हणाले, "नाही." बाई म्हणाल्या, "वेडा आहेस तू. चल, मार वल्हं, पाणी वाढतंय." हाच तह. कागद नाहीं, मोर्तब नाहीं.

खडपापाशीं ताईंनीं आपली होडी लावून त्यांची स्थिर धरिली, शाल्मलीबाई खडकावर उतरल्या, विहंगरावांनीं दोर फेकला, आणि "थांब", "आता ओढ", "सोड", "पाय बघ" ऐसें अखंड बोलत बोलत दोघांनीं होडी सोडविली. दोन महिन्यांचें साठलेलें बोलणें होतें, तें होडी सुटल्यावरही थांबेना. ताई म्हणाल्या, "बोलत राहा म्हटलं होतं, पण जरा श्वास घ्या." बेटावर परत येतां दोघांनीं मिळून श्रीरंगपंतांस समोर उभें केलें. पंतांनीं गुन्हा कबूल केला, खिचडीचें कारण सांगितलें, तें कोणीं मानिलें नाहीं, आणि करपलेलें पातेलें वाळूनें घांसण्याची शिक्षा त्यांणीं निमूट भोगिली. पुढील मजलेस ही होडी सर्वांत पुढें होती, आणि दोघांचीं वल्हीं एकदम पडत होतीं.

सायंकाळीं बंदर लागलें. तीर्थरूपांची गाडी उभी होती, टपावर गादी बांधलेली, मागें कुंडींतली तुळससुद्धां. शाल्मलीबाईंनीं सर्वांचा निरोप घेतला आणि गाडींत बसल्या. विहंगराव दाराशीं उभे राहिले. दिवसभर अखंड बोललेलीं हीं दोघें आतां एकमेकांकडे पाहात मुकीं जाहलीं. या खेपेस रागानें नव्हे, आवाजच फुटेना म्हणोन. तेव्हां शाल्मलीबाई कांच खालीं करून म्हणाल्या, "श्रीरंग, त्याला सांग, दहावी झाली की परत यायचं. आणि मागं मी बसणार." श्रीरंगपंत पुढें आले. विहंगराव हातभर अंतरावर उभे, त्यांणीं सर्व ऐकिलें होतें. तरी पंतांनीं त्यांजकडे वळून एकेक शब्द जसाचा तसा सांगितला, "ती म्हणतेय, दहावी झाली की परत यायचं. आणि मागं ती बसणार." विहंगरावांनीं डोळे पुसून म्हटलें, "तिला सांग, हो." पंत कांचेपाशीं गेले आणि म्हणाले, "हो म्हणतोय." शाल्मलीबाईंनीं त्यांजकडे रोखून पाहिलें. म्हणाल्या, "खरंच त्यानंच म्हटलं ना? तू नाहीस?" श्रीरंगपंत म्हणाले, "त्यानंच म्हटलं. शप्पथ." मग गाडी हालली.

येणेंप्रमाणें मोहिमेचें वर्तमान. मुलूख मिळाला नाहीं, बदली रद्द जाहली नाहीं, दहावीचा वेढा ठरल्या दिवशीं पडला. होडी शाबूत आली, तिच्या बुडास एक ओरखडा आहे. वकिलास कामावरून दूर केलें नाहीं. दूरच्या मुलखांतून निरोप अद्याप त्यांजकडेच येतात, आणि ते एक शब्द पदरचा न घालतां पोहोंचवितात.